अकरा जनावरं होती, हे सिद्ध कसं करायचं?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना, मांजरा आणि गोदावरीच्या काठांवर पाणी गोठ्यांत शिरलं. अनेकांना दावी कापायलाही वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर काही गोठ्यांत मेलेली जनावरं सापडली, काहींची कलेवरं दोन गावं खाली बाभळीत अडकलेली मिळाली आणि काहींचा मागमूसही लागला नाही. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात दुधाळ जनावरामागे ३७,५०० रुपये आणि ओढकामाच्या जनावरामागे ३२,००० रुपये होते. आपत्तीच्या निकषांतली तीन जनावरांची मर्यादाही काढून टाकली.

ही मर्यादा काढली ते फार बरं झालं. पण तिच्याबरोबर एक आडोसाही गेला, त्याची चर्चा कमी झाली. भरपाई तीनच दुधाळ जनावरांची मिळणार असेल तर तुमच्या चार गाई गेल्या की चौदा, यावर कुणी भांडत बसत नाही. मर्यादा उठली की प्रत्येक आकड्याला किंमत येते आणि मग शेतकरी म्हणतो अकरा, शेजारी म्हणतो आठ, पंचनाम्यात लिहिलंय सात. जनावरं तर नदीत. आता कोणाचा आकडा धरायचा?

हा प्रश्न फक्त पुराचा नाही. चारा छावणीचं बिल, विम्याचा दावा, भावाभावांतली शेळ्यांची वाटणी, पोलिसांनी जप्त केलेला ट्रक या सगळ्या भांडणांत कधी ना कधी तोच प्रश्न येतो: किती जनावरं होती? जमिनीला सातबारा असतो, मोजणीचा नकाशा असतो. जनावर चालतं, वितं, विकलं जातं, मरतं. कालचा आकडा आज खरा राहीलच असं नाही. म्हणून त्याची पारख वेगळ्या पद्धतीने करावी लागते, आणि ती पद्धत समजायला वकील असण्याची गरज नाही.

## आधी ठरवा, 'एक' म्हणजे काय

लहानपणी आमच्या गावच्या माळावर दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तळ, उतरायचे. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायचे. रात्रभर मेंढ्या शेतात बसल्या की लेंड्या आणि मुताचं खत मिळतं, त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे. ठरलेला दर मेंढ्यांच्या संख्येवर. सकाळी हिशेबाच्या वेळी शेतकरी म्हणायचा दोनशे, धनगर म्हणायचा अडीचशे. लहानपणी मला वाटायचं, दोघांपैकी एक जण नक्की खोटं बोलतोय. पुढे कळलं की दोघेही खरं बोलत होते. शेतकरी कोकरं धरत नव्हता, धनगर धरत होता.

मोजणीवरच्या निम्म्या वादांचं मूळ इथे आहे. आकड्याआधी व्याख्या विचारायला हवी. वासरू धरलं का? गाभण गाय एक की दीड? (हसू नका, वाटणीत हा प्रश्न खरोखर येतो.) चरायला ठेवलेली दुसऱ्याची जनावरं यात आहेत का? बहिणीला आंदण दिलेली, पण अजून इथेच बांधलेली म्हैस कोणाची? आणि मोजलं ते कोणत्या तारखेला?

त्या धनगरांची मोजायची रीतही पाहण्यासारखी होती. संध्याकाळी वाघरीला, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या कुंपणाला, एका बाजूने वीतभर वाट करायचे. एक जण आत हाकायचा, एक वाटेशी बसायचा. मेंढ्या एकामागून एक आत जायच्या आणि तो तोंडाने पुटपुटत बोटांवर मोजायचा. मोकळ्या माळावर पसरलेलं खांड कुणी मोजत नसे. मोजणी अरुंद वाटेवर झाली की चूक कमी होते, कारण प्रत्येक जनावर एकदाच आणि एकटंच समोरून जातं. आजही कुठल्याही मोजणीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा: प्रत्येक जनावर एकदाच आणि एकटं दिसेल, अशी सोय होती का? की अंधारात टॉर्च मारून 'साधारण एवढी असतील' म्हणून लिहिलं?

## मोजलं कोणी आणि कशासाठी

प्रत्येक आकड्यामागे एक हेतू असतो. हेतू वाईटच असतो असं नाही, पण तो ओळखल्याशिवाय आकड्याला वजन देता येत नाही.

पशुगणना घ्या. भारतात ती १९१९-२० पासून होते, साधारण पाच वर्षांनी एकदा. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशात ५३ कोटी ५७ लाखांहून जास्त पशुधन नोंदलं गेलं, महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख. एकविसावी गणना २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली आणि तिच्यात भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद पहिल्यांदाच ठेवली गेली. धनगरांसारख्या समाजांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण जो वाडा आज पारनेरला आणि महिन्याने कोकणात असतो, त्याच्या दारावर प्रगणक जाणार कुठे?

पण ही गणना धोरण ठरवण्यासाठी असते. तालुक्यात किती लसी पाठवायच्या, चारा किती लागेल, हे त्यातून ठरतं. ती कोणाच्या मालकीचा दाखला नाही. 'गणनेत गावात १२०० म्हशी आहेत, तेव्हा माझ्या दहा असणारच' हे म्हणणं 'गावात पाऊस पडला, तेव्हा माझी विहीर भरली' असं म्हणण्यासारखं आहे. मात्र उलटा उपयोग जरूर होतो. गावात गणनेला ४०० मोठी जनावरं असतील आणि त्याच गावातून ९०० जनावरांचा दावा येत असेल, तर कुणीतरी थांबून विचारलं पाहिजे.

दुसरा आकडा रजिस्टरचा. दवाखान्याची लसीकरणाची वही, दूध संकलन केंद्राची पावती, विम्याचे कागद, बँकेच्या कर्जाची फाईल, बाजार समितीची पावती. यातली प्रत्येक नोंद दुसऱ्याच कामासाठी झालेली असते आणि म्हणूनच ती मोलाची आहे. लस टोचणाऱ्याला पुढच्या वर्षी पूर येणार हे ठाऊक नव्हतं. आपण त्याच्या वहीवर विश्वास ठेवतो तो त्यासाठी.

तिसरा आकडा पंचनाम्याचा. पंचनामा म्हणजे दोन-तीन तटस्थ माणसांसमोर जागेवर जे दिसलं त्याची नोंद. लोकांना वाटतं, पंचनाम्यावर सही झाली की आकडा दगडावर कोरला गेला. कोर्टात तसं नसतं. पंचनाम्याचा कागद एकटा उभा राहत नाही. पंचाने येऊन 'मी पाहिलं, मी मोजलं' असं सांगावं लागतं आणि उलटतपासणीत टिकावं लागतं. पंच जागेवर न जाता चावडीत सही करून मोकळा झाला असेल, तर दोन प्रश्नांत उघडा पडतो: गोठ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं? गव्हाण दगडी होती की सिमेंटची?

## सरकारी कागद आहे ना, मग?

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी हरकत. सरकारी दप्तरात नोंद आहे, शिक्का आहे, वर प्रश्न कसला? कायदाही सरकारी नोंदीला मान देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात सरकारी कामं रीतसर झाली असावीत असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पण गृहीत धरणं म्हणजे पहिलं पाऊल. समोरचा ते खोडून काढू शकतो, आणि सरकारी कागद कसा फसवतो याचं या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण जनावरांचंच आहे: बिहारचा चारा घोटाळा.

२७ जानेवारी १९९६ ला तेव्हाच्या बिहारमधल्या चाईबासाचे उपायुक्त अमित खरे यांनी पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयावर छापा टाकला. तिजोरीतून अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी जास्त पैसे काढले गेले होते. चारा, औषधं आणि जनावरं यांची बिलं होती, मंजुरीची पत्रं होती, पुरवठादारांच्या पावत्या होत्या. कागदावर सगळं जागच्या जागी होतं. मार्च १९९६ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. घोटाळ्याचा एकूण आकडा साडेनऊशे कोटींच्या घरात गेला. चाईबासा प्रकरणात २०१३ मध्ये रांचीच्या विशेष न्यायालयाने लालूप्रसाद यादव आणि जगन्नाथ मिश्रा या दोन माजी मुख्यमंत्र्यांना दोषी ठरवलं.

या प्रकरणात मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती गाड्यांच्या नंबरांची गोष्ट. चारा आणि जनावरं ज्या ट्रकांतून आणली असं बिलात लिहिलं होतं, त्यातले कित्येक नंबर परिवहन कार्यालयाच्या दप्तरात स्कूटर आणि मोटारसायकलींचे निघाले. विचार करा, हे बिंग कशाने फुटलं? पशुसंवर्धन खात्याचा कागद त्याच खात्याच्या दुसऱ्या कागदाशी ताडून नाही. ते दोन्ही एकाच माणसांनी तयार केले होते, ते जुळणारच. फुटलं ते अशा कार्यालयाच्या वहीमुळे, ज्याला जनावरांशी काही देणंघेणं नव्हतं.

माझ्या मते मोजणीच्या भांडणात यापेक्षा महत्त्वाची कसोटी नाही. एकाच हाताने लिहिलेले दहा कागद मिळून पुरावा एकच होतो. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी, एकमेकांना न विचारता लिहिलेले दोन कागद जुळले, तर ते त्या दहांपेक्षा वजनदार ठरतात.

खासगी वहीबद्दल तर कायदा स्पष्टच बोलतो. धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद पुरावा म्हणून येऊ शकते, पण केवळ त्या नोंदीवर कुणावर देणं लादता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ३४ होतं, नव्यात २८ आहे. राजकारण्यांना पैसे दिल्याच्या डायऱ्यांवरून उभ्या राहिलेल्या जैन हवाला प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद हे 'हिशेबाचं पुस्तक'च नव्हे असं म्हटलं आणि पुस्तकातल्या नोंदीलाही बाहेरचा आधार लागतो हे अधोरेखित केलं. छावणीचालकाने खिशातून काढलेल्या डायरीलाही तोच नियम.

## जनावर खातं, पितं आणि शेण टाकतं

आता छावणीकडे येऊ. दुष्काळात सरकार चारा छावण्यांना जनावरामागे रोजचे पैसे देतं. मे २०१९ मध्ये मोठ्या जनावराचा दर ९० वरून १०० रुपये झाला, लहानाचा ५०. म्हणजे नसलेली शंभर मोठी जनावरं रजिस्टरवर दाखवली तर महिन्याला तीन लाख रुपये. त्याआधीच्या, २०१२ ते २०१४ च्या दुष्काळातल्या छावण्यांमधल्या गैरप्रकारांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. सगळे छावणीचालक तसे नव्हते. खिशातले पैसे घालून जनावरं जगवणारेही पुष्कळ होते आणि त्यांची बिलं या संशयापायी अडकली, हेही तितकंच दुःखाचं.

मग वर्षाने फाईल उघडली तर छावणीत हजार जनावरं होती की सातशे, हे कसं पाहायचं? जनावरं केव्हाच घरी गेलेली असतात.

घरात किती माणसं जेवली हे विचारायची सोय नसेल तर आपण खरकटी ताटं मोजतो. इथेही तेच. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो हिरवा चारा धरला तर हजार जनावरांना रोज १५ टन लागतो. उसाचं वाढं असेल तर ते कुठल्या तरी ट्रॅक्टरने, कुठल्या तरी शेतातून, कुठल्या तरी वजनकाट्यावरून आलं असेल. काट्याच्या पावत्या किती टनांच्या आहेत? उन्हाळ्यात जनावर ५० लिटर पाणी सहज पितं. हजारांना ५०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. टँकरच्या लॉगबुकात रोज तीनच खेपा असतील तर उरलेलं पाणी कुठून आलं? जवळ बोअर असेल, तळं असेल, तेही तपासावं.

आणि शेण. एक मोठं जनावर दिवसाला दहा किलो तरी शेण टाकतंच. हजार जनावरांचं महिन्याचं ३०० टन होतं. तीन टनांची ट्रॉली धरली तर शंभर खेपा. दुष्काळातही शेणखत कुणी फेकून देत नाही, ते विकलं जातं किंवा शेतकरी घेऊन जातात. एवढ्या शेणाचा ढीग गावातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. रजिस्टरमध्ये तीनशे जनावरं जास्तीची लिहिता येतात, त्यांचं शेण मात्र कुणी आणून टाकू शकत नाही.

या हिशेबातून अचूक आकडा निघत नाही, हे लक्षात ठेवावं. जनावर भाकड की दुभतं, खिल्लार की संकरित, मे महिना की जानेवारी, यावर खाणंपिणं बदलतं. शिवाय दुष्काळात जनावरांना पोटभर मिळालंच असंही नाही. कमी चारा आला याचा अर्थ जनावरं कमी होती असाही होतो आणि जनावरं उपाशी होती असाही. म्हणून चारा, पाणी आणि शेण तिन्ही एकत्र पाहायचे. तिन्ही सातशेकडे बोट दाखवत असतील आणि एकटं रजिस्टर हजार म्हणत असेल, तर रजिस्टरने उत्तर द्यावं.

आणखी एक फसवणूक डोक्यांच्या मोजणीत पकडलीच जात नाही. हजार जनावरं खरोखर हजारच आहेत, पण त्यातली दोनशे वासरं 'मोठी' म्हणून लिहिली आहेत. संख्या बरोबर, पैसे चुकीचे. इथे दात कामाला येतात. बैलबाजारात वय दातांवरूनच सांगतात: आदत (अजून दुधाचेच दात), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (सगळे पक्के दात आलेला). पहिली पक्क्या दातांची जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते. रजिस्टरवर जनावराचे दात लिहिले असतील तर लहान-मोठ्याचा घोळ करणं अवघड होतं.

## शितावरून भाताची परीक्षा, पण भात ढवळलेला हवा

हजारोंच्या मोजणीत प्रत्येक जनावर तपासणं शक्य नसतं. मग थोडी निवडून तपासतात. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो, तिच्यातली अट मात्र विसरतो. शीत पातेल्यात कुठूनही उचललेलं असलं पाहिजे. वरचीच चार शितं स्वयंपाकीण स्वतः हातावर ठेवत असेल, तर तळाचा करपलेला भात कळणारच नाही. तपासणी अधिकाऱ्याला छावणीचालक 'या रांगेतली बघा साहेब' म्हणाला आणि अधिकाऱ्याने तीच रांग पाहिली, तर ती तपासणी झालीच नाही.

योग्य पद्धत अशी: रजिस्टरमधले नंबर चिठ्ठ्या टाकून निवडा आणि ती जनावरं दाखवायला सांगा. समजा, हजारांतले ६० नंबर निवडले आणि १२ जनावरं सापडली नाहीत. म्हणजे पाचात एक गायब. पण यावरून 'दोनशे बोगस' असं ठामपणे लिहिणं चूक आहे. एवढ्या लहान तपासणीतून खरा आकडा साधारण शंभर ते तीनशेच्या दरम्यान कुठेही असू शकतो. अंतर निम्मं करायचं तर चौपट, म्हणजे २४० जनावरं तपासावी लागतील. न्यायालयापुढे आकडा ठेवताना ही मर्यादा सांगितली पाहिजे. ती न सांगणारा अहवाल मला संशयास्पद वाटतो.

तपासणी उलट दिशेनेही करावी. गोठ्यातली काही जनावरं निवडा आणि ती रजिस्टरमध्ये शोधा. पहिल्या तपासणीत नसलेली जनावरं पकडली जातात, दुसरीत नोंद राहून गेलेली. दुसरी सहसा कुणी करत नाही आणि त्यात गरिबाचं नुकसान होतं.

शेजारच्या छावणीतून रात्रीत जनावरं आणून दाखवण्याचं काय? यावर महाराष्ट्राने शाळांच्या बाबतीत उपाय करून दाखवला आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि मोजलेल्या मुलांच्या बोटांना शाई लावली. एक मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून. लाखो मुलं फक्त पटावर होती हे तेव्हा बाहेर आलं. जनावरांनाही हीच रीत लागू पडते: सगळ्या छावण्या एकाच वेळी तपासा आणि मोजलेल्यावर खूण करा.

## आता टॅग आलाय, वाद कशाला?

कानातला पिवळा बिल्ला आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो, म्हणून लोक त्याला जनावराचं आधार म्हणतात. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या जनावरांच्या रोगांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून लसीबरोबर टॅगिंगने वेग घेतला. महाराष्ट्रात जून २०२४ पासून टॅगशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली. टॅगने फार मोठं काम सोपं केलं आहे, यात शंका नाही.

तरी टॅग जनावराची ओळख सांगतो. ते जनावर अमुक दिवशी अमुक ठिकाणी जिवंत होतं, हे तो सांगत नाही. बाजारात विकलेल्या गाईची नोंद जुन्याच मालकाच्या नावावर राहिली तर एक गाय दोन घरांत मोजली जाते. मेलेल्या जनावराची नोंद बंद झाली नाही तर ते कागदावर वर्षानुवर्षं जगतं. आणि टॅग पडतात. दाव्याला घासून, कुंपणात अडकून, शेजारच्या जनावराने ओढून कान फाटतो. बिल्ला गेलेल्या गाईचा कान जवळून पाहिलात तर कडेला इंग्रजी व्ही सारखी चीर दिसते, कधी मध्ये नुसतं वाळलेलं भोक. अशी गाय टॅगविना आहे म्हणून ती नव्हतीच असं म्हणणं अन्यायाचं आहे.

संगणकातल्या नोंदीबद्दल एवढं सांगतो की ती कोर्टात द्यायची तर सोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. मोबाईलमधला स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही. आणि नोंद कधी झाली ती तारीख बघा. पुराच्या चार दिवसांनी घातलेली नोंद आणि वर्षापूर्वीची नोंद यांचं वजन एक नसतं.

## दहाच्या चाळीस झाल्या, हे शक्य आहे का?

वाटणीच्या दाव्यांत नेहमी येणारी गोष्ट. भाऊ म्हणतो, वेगळे निघालो तेव्हा दहा गाई होत्या, दोन वर्षांत त्यांच्या चाळीस झाल्या, मला अर्ध्या द्या. इथे निसर्गाचं गणित मांडावं. गाय नऊ महिन्यांहून थोडी जास्त गाभण राहते. वर्षाला एक वासरू, तेही फार झालं. दहा गाईंची दोन वर्षांत जास्तीत जास्त वीस वासरं होतात आणि त्या कालवडी एवढ्यात विणार नाहीत. तीसच्या पुढे आकडा नुसत्या जन्मांनी जाऊच शकत नाही. चाळीस असतील तर दहा विकत आणल्या, आणि विकत आणल्या तर पैसे कुणी दिले? दाव्याचा खरा प्रश्न इथून सुरू होतो.

शेळ्यांचं तसं नाही. शेळी पाच महिन्यांत विते, दोन वर्षांत तीनदा विणं शक्य असतं आणि उस्मानाबादी शेळीला जुळी करडं नवलाची नाहीत. तिथे दहाच्या पन्नास होऊ शकतात, रोगाची एक साथ आली तर पन्नासच्या पाचही. गाईंचं गणित शेळ्यांना लावून कुणाला खोटं ठरवू नये.

## कागदच नसेल तर माणूस खोटा?

नाही. हे मला अगदी ठासून सांगायचं आहे. दिवाणी दाव्यात न्यायालय दोन बाजूंपैकी कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय आहे, हे पाहतं. तराजू जरा जरी एका बाजूला झुकला तरी पुरे. फौजदारी खटल्यात, म्हणजे कुणाला घोटाळ्याबद्दल तुरुंगात पाठवायचं असेल तेव्हा, रास्त शंकेला जागा उरता कामा नये. म्हणून एकाच छावणीबद्दल वसुलीच्या प्रकरणात 'सातशेच होती' असा निष्कर्ष निघू शकतो आणि फौजदारी खटल्यात तोच चालक सुटू शकतो. त्यात विसंगती नाही.

ज्याच्याकडे दूध डेअरीला घालण्याइतकं नाही, ज्याने कधी विमा काढला नाही, त्याच्यासाठी माणसांची साक्ष आणि जागेवरच्या खुणा हाच पुरावा. रिकाम्या गोठ्यातही पुष्कळ काही उरतं: किती खुंट रोवलेले आहेत, किती दावी तुटलेली आहेत, गव्हाण किती लांब आहे, कोणत्या खुंटाभोवतीची जमीन खुरांनी खोल झाली आहे आणि कोणता खुंट नुसताच उभा आहे. पंचनामा करणाऱ्याने हे लिहिलं तर वर्षभराने न्यायाधीशालाही तो गोठा दिसतो. 'एकूण जनावरे ७' एवढंच लिहिलं तर काहीच दिसत नाही.

साक्षीदारालाही नुसती संख्या विचारू नये. 'किती होती?' याला माणूस शिकवलेलं उत्तर देऊ शकतो. 'कोणकोणती होती?' असं विचारलं की ज्याने खरोखर सांभाळली तो सांगत जातो: कपाळावर चांद असलेली, एका शिंगाची, लाथाडी म्हणून शेवटच्या खुंटाला बांधलेली. ही यादी पाठ करून येत नाही.

## अकराचा हिशेब

सुरुवातीच्या शेतकऱ्याकडे परत जाऊ. समजा, सीनाकाठचं गाव, दावा अकरा जनावरांचा: सहा गाई, दोन बैल, तीन वासरं. पंचनाम्यात सात, कारण कलेवरं सातच मिळाली: चार गाई, दोन बैल आणि एक वासरू.

लसीकरणाच्या नोंदीत वर्षभरापूर्वी त्याच्या नावावर नऊ टॅग आहेत. सात कलेवरांपैकी सहांच्या कानात त्यातलेच टॅग मिळाले आणि सातव्याचा कान फाटलेला. म्हणजे आणखी दोन टॅगवाली जनावरं, त्या दोन गाई, वर्षापूर्वी होती एवढं नक्की. ती मध्ये विकली का? दूध केंद्राच्या पावत्या पाहिल्या. रोजचं दूध सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत साधारण तेवढंच. दुधावरून गाई मोजता येत नाहीत, चाळीस लिटर चार गाईंचंही असतं आणि सहांचंही. पण दुभत्या गाई विकल्या असत्या तर कुठेतरी घट दिसायला हवी होती, ती नाही. शेजारी त्या दोघींचं वर्णन वेगवेगळं सांगतात आणि ते टॅगच्या नोंदीतल्या जातीशी आणि वयाशी जुळतं. नऊ धरायला हरकत नाही.

उरली दोन वासरं. त्यांचा ना टॅग, ना कलेवर. लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, तेव्हाच बिल्ला, तेव्हा कोवळ्या वासराला टॅग असणारच नाही. इथे बहुतेक फाईली बंद होतात. पण दवाखान्यात कृत्रिम रेतनाचीही वही असते. तिच्यात डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात याच शेतकऱ्याच्या दोन गाईंची नोंद आहे, टॅग क्रमांकासह. तिथून नऊ महिने आणि आठवडाभर पुढे मोजलं तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा येतो. आता पुन्हा दुधाच्या पावत्या काढा. १५ सप्टेंबरनंतर सकाळ-संध्याकाळचं दूध एकदम वाढलेलं आहे. व्यालेल्या गाईचा चीक चार-पाच दिवस डेअरीला जात नाही, त्यानंतर दूध घालायला सुरुवात होते. तारखा जुळतात, म्हणजे ती दोन वासरं होती हेच जास्त संभवनीय. नऊ आणि दोन, अकरा.